आयबी की एपी? एकदाच लिहून टाकते

जानेवारी उजाडला की आमच्याकडे फोन सुरू होतात. इथे टेक्सासमध्ये हायस्कूलच्या पुढच्या वर्षीचे विषय साधारण याच सुमारास निवडायचे असतात, आणि आमच्या लेकीने दोन वर्षांपूर्वी आयबी डिप्लोमा पूर्ण केला, एवढ्या भांडवलावर मी या विषयातली जाणकार ठरले आहे. यंदा ह्यूस्टनचे धाकटे दीर, मंडळातल्या दोन मैत्रिणी आणि पुण्याची मामेबहीण असे चौघांचे फोन झाले. तेच तेच सांगून घसा बसला. म्हणून एकदाच लिहून टाकते. मत माझं आहे, पटलं तर घ्या.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, ही संस्था १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली. देशोदेशी बदल्या होणाऱ्या लोकांच्या मुलांना कुठेही चालेल असं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र मिळावं ही मूळची गरज. शेवटची दोन वर्षं, सहा विषय, त्यातले तीन (फार तर चार) वरच्या पातळीचे. भाषा आणि साहित्य, दुसरी एक भाषा, समाजशास्त्रांपैकी एक, विज्ञानांपैकी एक, गणित, आणि सहावा विषय कला किंवा आधीच्यांपैकीच आणखी एखादा. प्रत्येक विषयाला ७ पैकी गुण. शिवाय 'थिअरी ऑफ नॉलेज' नावाचा एक तास, चार हजार शब्दांचा एक्स्टेंडेड एसे, आणि कॅस, म्हणजे कला, खेळ नि सेवा यांत काहीतरी दीड वर्ष सातत्याने करायचं. एसे आणि थिअरी मिळून जास्तीत जास्त ३ गुण. एकूण ४५. डिप्लोमा मिळायला निदान २४ लागतात, पण एसेमध्ये किंवा थिअरीत शेवटची 'ई' श्रेणी पडली तर बाकी कितीही गुण असोत, डिप्लोमा गेला.

एपीचं तसं नाही. कॉलेज बोर्डाच्या यादीतून हवे ते विषय उचलायचे, मे महिन्यात परीक्षा द्यायची, ५ पैकी गुण घ्यायचे. दोन घ्या नाहीतर बारा घ्या. म्हणजे आयबी ही राइस प्लेट आणि एपी हा मेन्यू कार्डावरून मागवायचा प्रकार. राइस प्लेटमध्ये पडवळाची भाजी आली तर ती खावी लागते.

आणि माझं म्हणणं असं की त्या पडवळासाठीच आयबी घ्यावं.

आपण ज्या पद्धतीतून आलो ती आठवा. दहावीला बरे मार्क पडले की सायन्स. पंधराव्या वर्षी इतिहास संपला. मला इतिहास आवडायचा, पण 'आवडतो' हे कारण आमच्या घरात कुणी ऐकूनही घेतलं नसतं. आणि जे आर्ट्सला गेले त्यांचं गणित त्याच वर्षी संपलं, ते कायमचंच. त्यांतल्या कितीतरी हुशार माणसांना आजही कर्जाच्या हप्त्याचं व्याज समजावून सांगावं लागतं. अठरा वर्षांचं होईपर्यंत गणित सोडता येणार नाही आणि साहित्यही सोडता येणार नाही, ही सक्ती मला जाचक वाटत नाही. त्या वयात मूल जे सोडतं ते बहुतेक वेळा नावडतं म्हणून सोडत नाही. एका वर्षी एक शिक्षक वाईट मिळालेला असतो, एवढंच.

आता दिरांचा मुद्दा. तो खोटा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टेक्सासमध्ये १९९७ साली कायदा झाला की शाळेत वरच्या १० टक्क्यांत येणाऱ्या मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश. हेतू चांगला होता. लहान गावातल्या, गरीब वस्तीतल्या शाळांनाही दार उघडं राहावं. पण ऑस्टिनला एवढी गर्दी झाली की २००९ साली कायदा बदलून तिथल्या आपोआप भरायच्या जागांवर मर्यादा घातली. तेव्हापासून ऑस्टिनची हद्द खाली खाली येतेय. माझ्या लेकीच्या वर्षी ती ६ टक्के होती, २०२६ च्या प्रवेशांपासून ५ टक्के आहे. सहाशे मुलांच्या वर्गात ५ टक्के म्हणजे तीस मुलं. त्यातून प्रवेश मिळतो तो विद्यापीठात. कॉम्प्युटर सायन्स मिळेलच असं नाही, पण ते असो.

तर हे तीस जण ठरतात कसे? सरासरीवर. आणि सरासरीला वजन असतं. एपी नि आयबीच्या तासांना साध्या तासांपेक्षा जास्त वजन. म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साध्या तासाला पैकीच्या पैकी मिळाले तरी मुलाची सरासरी खाली येऊ शकते! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर गणित मांडून बघितलं. खरंच येते. त्यामुळे इथे चेलो वाजवणारी मुलं अकरावीत चेलो सोडतात आणि त्या तासाला एखादी सोपीशी एपी घेतात. आयबीत सहा विषय आणि थिअरी मिळून सात तास जातात. आठ तासांचं वेळापत्रक असेल तर एकच मोकळा उरतो. एपीवाला तिथे वजनदार तासांची चळत रचू शकतो, आयबीवाल्याला तेवढी जागाच नसते. शिवाय आयबी बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये एखाददुसऱ्या शाळेतच असतं, तिथे गावभरची हुशार मुलं गोळा होतात, मग क्रमांक आणखी खाली. (काही ठिकाणी मूळच्या शाळेतला क्रमांक धरतात. हे आधी विचारून घ्या, लेखी.)

आमच्या लेकीने तो एक मोकळा तास ऑर्केस्ट्राला दिला. सहाशेच्या वर्गात ती पन्नाशीच्या आसपास राहिली, ६ टक्क्यांची यादी छत्तिसाव्या क्रमांकाला संपली. ज्या मैत्रिणीने व्हायोलिन सोडून पर्यावरण विषयाची एपी घेतली ती यादीत बसली. त्या दिवशी आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर कुणी फारसं बोललं नाही. पुढे ती दुसऱ्या एका सरकारी विद्यापीठात गेली, तिथे १० टक्केवाल्यांची यादी चालत होती. तेव्हा भाऊजी म्हणतात ते नुकसान खरंच होतं, आमचं झालेलं आहे. ते नाही असं सांगून कुणाला आयबीकडे ढकलणं मला जमणार नाही.

दुसरी बाजूही हिशेबातलीच सांगते. टेक्सासमध्ये २००५ च्या कायद्यानुसार डिप्लोमा पूर्ण केलेल्या मुलाला सरकारी विद्यापीठाने निदान २४ क्रेडिट्स द्यावीच लागतात, कुठल्या परीक्षेत ४ पेक्षा कमी गुण नसले म्हणजे झालं. पदवीला साधारण १२० लागतात. पाचवा हिस्सा झाला की! पण ही तरतूद पूर्ण डिप्लोमाला आहे, सुटे आयबी विषय घेतले तर ज्याच्या त्याच्या नियमाप्रमाणे.

पण मला खरं सांगायचंय ते एसेबद्दल.

लेकीने इतिहासात एसे लिहिला, १९७२ च्या दुष्काळातल्या कामांवर. विषय तिचा तिनेच काढला. बाबा, म्हणजे माझे वडील, सांगोल्याकडचे. त्यांनी विशीत दुष्काळी कामावर खडी फोडली आहे हे मला माहीत होतं, पण 'माहीत होतं' म्हणजे एवढंच, एक वाक्य. ही पोरगी रोज रात्री फोन लावून बसायची. मजुरी कशी मोजायचे? मुकादम कोण होता? सुकडी कशी लागायची? बाबांनी तिला लाल मिलोबद्दल सांगितलं. अमेरिकेतून आलेला तो मिलो रेशनवर मिळायचा, भाकरी लाल व्हायची आणि थापता थापता तुटायची. लेकीला 'मिलो' हा मराठी शब्द वाटला होता! मग कळलं की पश्चिम टेक्सासमधले शेतकरी त्यांच्या ज्वारीला आजही मायलोच म्हणतात. आम्ही लबकला जाताना मैलोन् मैल जी लालसर शेतं बघतो, तेच पीक.

पुढचं शाळेने करून घेतलं. बाईंनी तिला विचारलं, आजोबांना पन्नास वर्षांपूर्वीची मजुरी बरोबर आठवते कशावरून? पोरगी दोन दिवस रागावली होती. मग रोजगार हमीची कागदपत्रं शोधणं आलं. १९७२ ला सुरू झालेली योजना, १९७७ चा कायदा, १९७९ पासून अंमल, वि. स. पागे. एका ठिकाणी बाबांची आठवण नि कागद जुळले नाहीत. तिने दोन्ही लिहिलं, आणि का जुळत नसावं तेही. बाबा फोनवर म्हणाले, "कागद मुकादमानं लिहिला, खडी मी फोडली." तेही वाक्य तिने घातलं.

एसेला 'बी' श्रेणी आली. एकूण ३४. यात कौतुक सांगण्यासारखं काही नाही, चाळिशी पार केलेली मुलं तिच्याच वर्गात होती. पण माझ्या वडिलांना त्यांच्या आयुष्याबद्दल एवढे नेमके प्रश्न याआधी कुणी विचारले नव्हते, मी तर नाहीच. एपीच्या ठरावीक यादीत हे बसलं नसतं असं मी म्हणत नाही. तिथेही आता संशोधनाचा एक कोर्स आहे. पण तो निवडावा लागतो, आणि आमच्या लेकीने तो निवडला नसता. इथे तो पानात वाढलेलाच होता.

कुणी घेऊ नये? ज्याला एकाच गोष्टीचं वेड आहे त्याने. मंडळातला एक मुलगा दहावीतच कॅल्क्युलस संपवून बसलाय, त्याला दोन वर्षं थिअरी ऑफ नॉलेजच्या निबंधात अडकवणं म्हणजे छळ. त्याने एपी घ्यावं, कम्युनिटी कॉलेजात पुढचं गणित घ्यावं. ज्याला रात्री दोनपर्यंत जागल्याशिवाय काम उरकत नाही त्यानेही विचार करावा. अकरावीच्या शेवटापासून बारावीच्या हिवाळ्यापर्यंत सगळ्या विषयांचे प्रकल्प, एसे आणि कॉलेजांचे अर्ज एकावर एक आदळतात. आणि आईबापांना आवडलंय म्हणून तर अजिबात नको.

मामेबहिणीचं गणित वेगळं आहे. पुण्यात आयबी म्हणजे वर्षाला कित्येक लाख, आणि इथे ते सरकारी शाळेत फुकट मिळतं हा फरक आधी लक्षात घ्यायचा. डिप्लोमा तिथे बारावीला समकक्ष धरतात, तो प्रश्न नाही. पण भाचीला भारतातच इंजिनिअरिंग करायचं असेल तर जेईईचा अभ्यासक्रम वेगळा, म्हणजे दोन घोडी एकदम हाकायची. मे सत्राचा निकाल लागतो जुलैच्या सुरुवातीला. तोवर प्रवेशांची धावपळ सुरू झालेली असते. परदेशी जायचं नक्की असेल तर घ्या, नसेल तर तेवढ्या पैशांत तिला दोन वर्षं छानपैकी पुस्तकं आणि प्रवास द्या, असं मी तिला म्हटलं. ती जरा दुखावली बहुतेक.

भाऊजींना मात्र अजून पटलेलं नाही. पुतण्या सध्या वर्गात अठरावा आहे आणि ट्रम्पेट वाजवतो. फॉर्म द्यायची मुदत फेब्रुवारीच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत आहे.