शाल मिळाली, आता जातवैधतेचं बघ

बारावी आणि सीईटीचे निकाल लागले की आमच्या तालुक्याच्या गावात गुणगौरव समारंभांचा हंगाम सुरू होतो. जमातीचा एक, तरुण मंडळाचा एक, नगरसेवकांचा एक. शाल, ट्रॉफी आणि 'समाजाचं नाव रोशन करा' असं भाषण. २००९ साली मला अशा तीन ट्रॉफ्या मिळाल्या. तिन्ही कार्यक्रमांत मिळून व्यासपीठावर वीस-बावीस माणसं असतील. त्यांच्यापैकी कुणीही विचारलं नाही की बाळा, तुझं नॉन-क्रिमिलेअर निघालं का, पुण्यात राहणार कुठं, मेसचे पैसे कोण देणार.

आता मी चौतिशीत आहे, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. गावाकडची मुलं फोन करतात, 'भाई, कॉलेजची तयारी काय करू?' त्यांना हवं असतं ते म्हणजे लॅपटॉप कोणता घेऊ, पायथॉन शिकू की जावा. ते आधी उरकतो. पहिल्या वर्षी कॉलेजची लॅब पुरते, लॅपटॉप सेकंडहँड घेतला तरी चालतो, भाषा कोणतीही शीक पण प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने टाइप कर. संपलं. पुढचं मी जे बोलतो ते खरं तर तासगावच्या सतरा वर्षांच्या मलाच बोलत असतो. फळांचा गाडा असलेल्या बागवानाचा मुलगा, मराठी शाळा, घरात दखनी, आणि खानदानात इंजिनिअरिंगचं तोंड कुणीच न पाहिलेलं.

तर ऐक. तुझी पहिली तयारी गणिताची नाही, कागदांची आहे.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून निघतो, उत्पन्नाचा तहसीलमधून. नॉन-क्रिमिलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून मुदत संपलेला दाखला जूनमध्ये दाखवून उपयोग नसतो. आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे जातवैधता प्रमाणपत्र. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, जुनं खरेदीखत. कधी कधी तो कागद मोडीत निघतो आणि मोडी वाचणारा शोधावा लागतो. आपल्याकडे आणखी एक भानगड असते. जुन्या शाळेच्या रजिस्टरमध्ये मास्तरांनी जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहून पान उलटलेलं असतं. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन हे शब्दच नाहीत. मग ज्या एखाद्या चुलत आजोबांच्या दाखल्यावर तो शब्द लिहिला गेला असेल, त्यांचं घर गाठायचं. हे काम निकालानंतरच्या पंधरा दिवसांत होत नाही. कागद शोधायला आठवी-नववीत सुरुवात करायची, आणि वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीत सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत टाकायचा.

तुला हे सगळं तयार मिळालं, ते कुणामुळे हे लक्षात ठेव. आपा तुझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. गणितात तुझ्याहून हुशार, हे शाळेतल्या सरांनाही माहीत होतं. तिची बारावी झाली तेव्हा घरात एकही कागद नव्हता. वैधतेशिवाय ओबीसीतून प्रवेश नाही, आणि खुल्या गटातून घ्यायचा तर पूर्ण फी. अब्बांना ते झेपणारं नव्हतं. तिने गावातच बीएस्सीला नाव घातलं आणि तरीही सुट्टीच्या दिवशी चकरा मारत राहिली. लोकल बोर्डाच्या शाळेतलं आजोबांचं नाव तिने शोधलं, 'मुसलमान बागवान' अशी नोंद तिनेच काढून आणली. वैधता हातात पडली तेव्हा तिचं दुसरं वर्ष चालू होतं. सख्ख्या बहिणीची वैधता जोडलेली असल्यामुळे तुझी फाईल सरळ निघाली. ट्रॉफी घेताना तू मंचावर होतास आणि ती बायकांच्या बाजूला बसली होती. तिला कुणी शाल दिली नाही.

काही जण म्हणतील, इस्लाममध्ये जात नाही, मग हा दाखला कशाला? हा प्रश्न अब्बांनाही मशिदीबाहेर विचारला गेला. उत्तर साधं आहे. श्रद्धेत जात नसेल, पण गाडा ढकलणाऱ्याच्या पोराची गरिबी धंद्यातून आली आहे आणि राज्याची यादी ती धंद्यावरूनच ओळखते. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार तिच्या सभांना आले, ते याच दाखल्यासाठी. त्यांनी मिळवलेलं आपण कपाटात ठेवून कुजवायचं आणि पुन्हा समाज मागे का म्हणून परिषद भरवायची, हे मला पटत नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात नामांकित कॉलेजांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांत २५ पैकी एक मुसलमान, असं नोंदवलेलं आहे. तो आकडा भाषणात सांगणारे शेकड्याने भेटतात. तहसीलच्या रांगेत पोराबरोबर उभा राहणारा एखादाच.

सरसकट आरक्षण येईल म्हणून थांबू नकोस, हेही आजच्या मुलांना सांगावं लागतं. २०१४ च्या जुलैत राज्याने मुस्लिमांना ५ टक्के दिले, नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षणातलं ते आरक्षण चालू ठेवलं, आणि डिसेंबरमध्ये अध्यादेशाची मुदत संपली ती संपलीच. ती मागणी करत राहिलंच पाहिजे. पण आज जे कायद्यात आहे ते आधी घे. सय्यद, शेख, पठाण म्हणून खुल्या गटात असशील तर उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे का बघ आणि ईडब्ल्यूएसचा दाखला काढ. टीएफडब्ल्यूएस नावाच्या जागा असतात, त्यांत शिकवणी शुल्क माफ असतं आणि तिथेही उत्पन्नाची मर्यादा ८ लाखच आहे. मात्र पर्याय अर्जात त्या जागेचा कोड वेगळा असतो, तो वेगळा भरला नाही तर कितीही मार्क असोत, ती जागा मिळत नाही. सायबर कॅफेवाला हे सांगत नाही, त्याच्या दुकानात रांग असते. आणि मुलींसाठी २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांत, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. आपाच्या वेळी हे नव्हतं. आता आहे, तर कुठल्याही बापाने 'मुलीच्या फीचं काय' हे कारण पुढे करण्याआधी तिचे दाखले काढलेत का ते सांगावं.

आमच्या जमातींना, मंडळांना माझी एक सूचना आहे. समारंभ करा, हौस आहे. पण निम्मा खर्च वाचवून एप्रिलपासून दर रविवारी दोन तास एक टेबल टाका. त्यावर एक झेरॉक्स मशीन, एक इंटरनेट आणि मागच्या वर्षी प्रवेश घेतलेली दोन मुलं-मुली बसवा. पाहुणे नकोत, फलक नको.

आता राहण्याचं. हॉस्टेलला नंबर लागला नाही की पुण्यात 'कॉट बेसिस' बघावं लागतं. फोनवर मालक छान बोलतात. भाडं सांगतात, डिपॉझिट सांगतात, व्हेज की नॉनव्हेज विचारतात. नाव कळलं की खोली कालच गेलेली असते. तुला माझा सल्ला असा की फोन उचलल्यावर पहिल्या वाक्यात पूर्ण नाव सांग. बसचं तिकीट वाचतं, आणि जो त्यानंतरही 'या बघायला' म्हणतो त्याच्या घरी निवांत राहता येतं. काही मुलं दुसरं नाव सांगून खोली मिळवतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही, दिवसभर उन्हात फिरलेल्या पोराला उपदेश करणं सोपं असतं. पण तू तसं करू नकोस. चार वर्षं घरात दबकून राहावं लागतं आणि घरून अम्मीचा फोन आला तरी गच्चीवर जाऊन बोलावं लागतं. मला खोली मिळायला तीन आठवडे लागले, तीही वर्गातल्या एका मुलाच्या ओळखीने. त्या काकूंची अट एकच होती, पाण्याची मोटर चालू करून विसरायचं नाही.

कोंढव्यात सहज जागा मिळते. नाइलाज असेल तर खुशाल राहा, पण कॉलेजपासून लांब पडतं आणि ग्रुपचा अभ्यास, सबमिशनच्या रात्री हातून जातात. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहं काढली, त्यांत मुस्लिम बोर्डिंगही होतं. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांची पोरं एका छताखाली ठेवली. शिकायला आलेल्या पोराला आधी झोपायला जागा लागते, हे त्या माणसांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. पुण्यात आपल्या श्रीमंत मंडळींनी निकाहासाठी हॉल बांधले आहेत. वसतिगृहांची संख्या त्यांनीच मोजावी.

वर्गातलं पहिलं संकट इंग्रजी वाटेल. वाटतं तेवढं ते मोठं नाही. इंग्रजी बोलणं वेगळं आणि इंग्रजीतून शिकणं वेगळं. एका विषयाला दोन-अडीचशे शब्द पुरतात, ते महिन्यात ओळखीचे होतात. शंका मराठीत विचार. बहुतेक सर मराठीत उत्तर देतात, आणि शेजारचा इंग्लिश मीडियमवाला मुकाट्याने ते वहीत लिहून घेतो. मागच्या बाकावर गप्प बसून 'नंतर बघू' म्हटलेल्या शंका एम-वनच्या पेपरात भेटतात. पहिल्या वर्षाला हलकं घेऊ नकोस. थोडे विषय राहिले तर पुढच्या वर्गात जाता येतं, जास्त राहिले तर वर्ष जातं. पुण्यात त्याला वायडी म्हणतात. वर्ष गेलं की शिष्यवृत्तीही अडकते, आणि मग घरून 'जाऊ दे, दुकानात बस' असा फोन यायला वेळ लागत नाही. आपली बरीच मुलं हुशारीत कमी पडून सुटत नाहीत, ती या दुसऱ्या-तिसऱ्या सहामाहीत सुटतात.

जुम्म्याच्या वेळेला प्रॅक्टिकल आलं तर पहिल्याच आठवड्यात सरांना भेटून बॅच बदलून माग. मी मागितली, पाच मिनिटांत मिळाली. न सांगता दर शुक्रवारी गायब झालास तर हजेरीत तूट दिसते आणि तूट बघणाऱ्याला तुझं कारण माहीत नसतं.

आणि एक. फेब्रुवारी २०१० मध्ये जर्मन बेकरीत स्फोट झाला तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये चार जणांनी माझ्याकडे पाहिलं, एकाने 'तुझं काय मत' विचारलं. त्या शहरातली माणसं मेली होती, मत काय असणार? असे प्रसंग येतील, क्रिकेटच्या मॅचवरूनही येतील. जो मित्र खरंच समजून घ्यायला विचारतो त्याच्याशी चहा घेत तासभर बोल. जो मजा बघायला विचारतो त्याला 'जर्नल पूर्ण झालं का' विचार. तू समाजाचा प्रवक्ता म्हणून प्रवेश घेतलेला नाहीस, कॉम्प्युटर शाखेत घेतला आहेस. भाडेकरूची पोलिस नोंद मात्र मालकाच्या मागे लागून करून घे आणि पोच पाकिटात ठेव.

शेवटी पैसे. निघण्याआधी अब्बांना शेजारी बसव आणि वहीवर चार वर्षांचा हिशेब लिही. फी, कॉट, मेस, बसपास, झेरॉक्स, ड्रॉइंगचं सामान, घरी येण्या-जाण्याचं तिकीट. अब्बा 'होईल सगळं' म्हणतील. तेवढ्यावर उठू नकोस, आकडा लिहूनच उठ. आपल्या घरांत बाप कर्ज लपवतो आणि पोरगा पुण्यात एक वेळचा डबा बंद करून ते लपवतो. दोघांनाही वाटतं आपण दुसऱ्याला वाचवतोय. बँकेचं शैक्षणिक कर्ज घ्यायचं की नाही, व्याजाचं काय, हा प्रश्न घरात निघेल. तो मौलानांना विचार, बँकेत जाऊनही विचार, पण सावकाराचं दार वाजायच्या आधी विचार.

त्या वहीत आपाचंही एक पान ठेव. तिला पुढं एमएस्सी करायची होती, ती तिने लग्नानंतर बाहेरून केली. आता तिची मुलगी आठवीत आहे. आपाने एवढ्या चकरा मारून काढलेली वैधता या मुलीच्या कामाची नाही, कारण तो पुरावा वडिलांकडूनच चालतो. म्हणून आपाने गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दुल्हाभाईंच्या आजोबांची शाळा शोधायला सुरुवात केली. शाळा सापडली आहे. रजिस्टर १९५२ पासूनचं आहे, त्याआधीचं पंचायत समितीत असेल असं मुख्याध्यापक म्हणाले.