गोळ्या बंद करून ग्राउंडवर येऊ नका

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या तालुक्याच्या मैदानावर पहाटे पाचला झुंबड उडते. मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. आता स्टॉपवॉच घेऊन पोरापोरींचं टायमिंग वहीत टिपतो. फी नाही, बोर्ड नाही. गेल्या उन्हाळ्यात एक पोरगा सोळाशे मीटरच्या तिसऱ्या फेरीत मटकन खाली बसला. हात थरथरत होते, बोलताना जीभ अडखळत होती. बूट सैल करायला गेलो तर मोज्यात गोळ्यांची स्ट्रिप. "काका, इथं कुणाला सांगू नका," हे त्याचं पहिलं वाक्य.

स्ट्रिप लिथियमची होती, मनाच्या आजारावरच्या औषधाची. नडगी दुखते म्हणून चार दिवस तो मेडिकलमधून पेनकिलर आणून खात होता. उन्हात घाम गाळायचा, आणि पोट जड होतं म्हणून पाणी बेतानं प्यायचा. त्याला तसाच मोटारसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्हीही नीट ऐका. लिथियम हा एक क्षार आहे. अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की तो रक्तात साचतो, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या त्यात भर घालतात. ज्याची ही गोळी चालू आहे त्यानं पळणं सोडायचं कारण नाही, पण डॉक्टरांना विचारून पळायचं, रक्ततपासणी चुकवायची नाही, आणि ग्राउंडवर कुणी दोस्तानं दिलेली गोळी किंवा 'ताकदीचं' इंजेक्शन घ्यायचं नाही.

तो बरा झाल्यावर मैदानाच्या कट्ट्यावर बसून त्यानं विचारलं, "काका, माझी फाइल आहे मानसोपचाराची. मी भरती होऊ शकतो का?" तेव्हापासून हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. बहुतेक जण आधी म्हणतात, "माझ्या एका मित्राला विचारायचंय."

तर त्या मित्राला सांगा. आधी आजार होता एवढ्यावरून दार बंद होत नाही. कायदाच तसा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट आहे की पूर्वी उपचार घेतले किंवा दवाखान्यात दाखल होता, एवढ्याच कारणानं आज माणसाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. कलम २३ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि कलम २५ प्रमाणे स्वतःचे कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे. पण हा कायदा नोकरीची हमी देत नाही. वर्दीला लागणारी प्रकृती आज आहे की नाही, हे बघायचा खात्याला अधिकार आहे, आणि तो असायलाच हवा. मी तीस वर्षं वर्दी घातलीय, ही गोष्ट गोड करून सांगणार नाही.

शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटरचे २० गुण, शंभर मीटर आणि गोळाफेकीचे १५-१५. इथं तुमचा पाय आणि मनगट बोलतं, फाइल कुणी मागत नाही. मेरिटमध्ये नाव आलं की मग वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी. पोरं घाबरतात ती इथं, आणि चुकाही इथंच करतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मेडिकल जवळ आलं की परस्पर गोळ्या बंद करणं. अंगात औषध सापडायला नको, ही कल्पना. अरे, गोळ्या सोडल्यावर काही आठवड्यांनी झोप उडते, बोलणं वाढतं किंवा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. नेमका त्याच आठवड्यात तू सिव्हिलच्या डॉक्टरांसमोर उभा! दोन वर्षं गोळी घेऊन शांत झोपणारा पोरगा मला चालेल. मेडिकलसाठी गोळी टाकून आलेल्याची मला भीती वाटते.

दुसरी चूक, खोटं लिहिणं. साक्षांकन नमुना भरताना आणि तपासणीच्या वेळी जे विचारलं आहे त्याचं खरं उत्तर द्या. जे विचारलंच नाही त्याची रामकहाणी लिहीत बसू नका. आजाराबद्दल विचारलं तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र जोडा. आजार कोणता, कधीपासून, आत्ता औषध काय, शेवटचा त्रास कधी झाला, हे त्यात हवं. आणि डॉक्टरांना दोन गोष्टी मुद्दाम विचारून लिहून घ्या: रात्रपाळी झेपेल का, आणि हाती हत्यार देता येईल का. 'पेशंट ठीक आहे' अशा एका ओळीच्या चिठ्ठीनं कुणाचंच समाधान होत नाही.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे कितीतरी पोरांनी बारावीच्या निकालानंतर किंवा घरच्या भांडणात फवारणीचं औषध तोंडाला लावलेलं असतं. दवाखान्यात त्याची एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होते, ठाण्याचा अंमलदार जबाब घ्यायला येतो. असे जबाब मी स्वतः लिहिलेत. "खोकल्याचं औषध समजून चुकून प्यालो." आई पदर तोंडाला लावून उभी, बाप खाली मान घालून. बहुतेक कागद तिथंच संपतात, पण काहींवर तेव्हाच्या भारतीय दंड विधानाच्या कलम ३०९ खाली गुन्हा दाखल झालेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. पडताळणीत तो वर येतो. तुमच्या बाबतीत असं काही घडलं असेल तर वकिलामार्फत आधीच चौकशी करा आणि गुन्हा असेल तर रकान्यात लिहा. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, तसं नव्हतं हे सिद्ध झाल्याशिवाय त्याच्यावर खटला चालवायचा नाही. १ जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३०९ सारखं सरसकट कलमच नाही. म्हणजे खरं सांगणाऱ्याच्या बाजूनं बोलायला जागा आहे. लपवणाऱ्याचं तसं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात पडताळणीतल्या लपवाछपवीचे नियम घालून दिले. गुन्हा किती किरकोळ होता हे खातं बघू शकतं, पण दडवलेल्या माहितीवरून नेमणूक रद्दही होऊ शकते. नोकरी लागून, लग्न ठरून, मग घरी बसणं फार वाईट.

आणि आता स्वतःला विचारायचा प्रश्न. या नोकरीत झोपेचं काही खरं नसतं. गणपतीत दहा दिवस बंदोबस्त, मग निवडणूक, मग कुठली तरी सभा. मुंबईत २०१६ मध्ये देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला तेव्हा त्याची बातमी झाली, यावरून इतरांचं काय चालतं ते ओळखा. ज्याला एकदाच नैराश्य येऊन गेलं आणि जो चार वर्षं ठणठणीत आहे, त्याची गोष्ट वेगळी. ज्याला बायपोलर आहे, ज्याचा आजार जागरणानं उसळतो, त्यानं डॉक्टरांसमोर बसून हा हिशेब मांडावा. ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार अजून येतात, त्यानं भरती बाजूला ठेवावी आणि आज १४४१६ ला फोन लावावा. टेलिमानस म्हणतात त्याला. फुकट आहे, मराठीत बोलतात. भरती पुन्हा निघेल.

वर्दीच्या आसपास हत्यार नसलेलीही कामं असतात. पोलीस कार्यालयातले लिपिक, न्यायवैद्यक प्रयोगशाळेतले सहायक. त्यांच्या परीक्षा वेगळ्या, पण त्या कामावाचून खातं चालत नाही. सीआरपीएफ, बीएसएफकडे डोळे असतील तर तिथले वैद्यकीय निकष वेगळे आहेत. नोकरीत आल्यावरही तिथं 'शेप' नावाची श्रेणी लावतात आणि त्यातलं पहिलंच अक्षर मनाच्या प्रकृतीचं. नोकरीत असताना आजार झाला तर काय, याचं उत्तर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सीआरपीएफच्याच एका असिस्टंट कमांडंटच्या खटल्यात दिलंय. त्याला शस्त्र नसलेलं दुसरं काम देता येईल, पण त्याच्या पगाराला हात लावायचा नाही.

आईबापांना एकच सांगतो. पोराची गोळी तांदळाच्या डब्यात लपवू नका. २०२४ च्या भरतीत १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले होते. ठणठणीत पोरंही शेकड्यानं परत येतात. एका अपयशाला आजार चिकटवू नका, आणि "आता वय संपत आलं" हे रोज जेवताना ऐकवू नका.

तो पोरगा? त्या भरतीत दोन गुणांनी गेला. त्याचा मेडिकलपर्यंत प्रश्नच आला नाही. रक्ततपासणी वेळेवर करतो, नडगीला आता बर्फ लावतो. टायमिंग आधीपेक्षा सहा सेकंदांनी खाली आलंय.

मी पहाटे पाचला मैदानावर असतो. येताना फाइल नको, पाण्याची बाटली आणा. मोठी.