'तठेच शे' म्हणण्याआधी एकदा मोजा

आपल्या खान्देशात कुणालाही अंतर विचारा, उत्तर ठरलेले: 'तठेच शे ना भो!' हे 'तठेच' कधी दोन शेतांपलीकडे असते, तर कधी पाऊण कोसावर. वाटसरूचे त्यात फार बिघडत नाही, पायपीट थोडी वाढते इतकेच. पण तापीला किंवा पांझरेला पूर आलाय, पलीकडे माणसे अडकलीत आणि आपण तहसीलला फोनवर 'जवळच आहेत' एवढेच सांगतो, तेव्हा दोर किती लांब आणायचा, बोट लागेल की नाही, हे तिकडच्या माणसाने कशावरून ठरवायचे?

कुणी म्हणेल, आता मोबाईल आहे. आहे ना! पण मोबाईल सांगतो ती तुम्ही उभे आहात ती जागा. पलीकडची जागा ओळखीची असेल तर नकाशावर बोट ठेवता येते. मात्र बांध, रस्ते, पायवाटा पाण्याखाली गेल्यावर ओळख कसली राहते? तिथे जाता येत नाही आणि अंतर तर हवे, अशी ती वेळ असते.

नुसत्या नजरेवर विसंबू नका. पाऊस पडून हवा धुतली गेली की सातपुडा अंगणात आल्यासारखा वाटतो, धुरळ्याच्या दिवसांत तोच दूर पळतो. मध्ये नुसते पाणी किंवा मोकळे रान असेल तर पलीकडची वस्तू आहे त्यापेक्षा जवळ भासते. समुद्रावरच्या माणसाला हा धोका रोजचाच, म्हणून दर्यावर्दींच्या दुर्बिणीत त्यावर उपाय केलेला असतो. ७×५० या मापाच्या, म्हणजे सात पट मोठे दाखवणाऱ्या आणि ५० मिलिमीटर व्यासाची पुढची काच असलेल्या अनेक दुर्बिणींत आत बारीक रेघांची पट्टी असते. काहींत होकायंत्रही असते. रेघांच्या या मापाला 'मिल' म्हणतात. एक मीटर उंचीची वस्तू हजार मीटरवर असली की ती एक मिल भरते.

हिशेब सोपा आहे. वस्तूची उंची मीटरमध्ये घ्या, तिला हजाराने गुणा आणि पट्टीवर जितके मिल दिसतात त्याने भागा. पलीकडच्या काठावरचा विजेचा खांब जमिनीवर सात मीटर उंच आहे आणि पट्टीवर दहा मिल भरतो, तर तो ७०० मीटरवर. दुर्बीण सात पट दाखवते म्हणून पुन्हा सातने गुणायचे-भागायचे नाही, ते पट्टीतच धरलेले असते. आणि सूर्याकडे चुकूनही दुर्बीण धरू नका, डोळा जाईल.

दुर्बीण नाही? शाळेतल्या पोराची फूटपट्टी घ्या. हात ताठ करून ती डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर उभी धरा. तोच सात मीटरचा खांब पट्टीवर सहा मिलिमीटर दिसला, तर सात गुणिले ६०० भागिले सहा, म्हणजे तेच ७०० मीटर. दहावीच्या भूमितीतली समरूपता ती हीच.

पण चूक कितीची होते, तेही ठाऊक हवे. फूटपट्टीवर एक मिलिमीटर इकडेतिकडे वाचला तर ७०० च्या जागी ६०० किंवा ८४० येतात. दुर्बिणीत अर्धा मिल चुकला तरी उत्तर ६६७ ते ७३७ च्या आतच राहते. खांबाचा बुंधा केळीत, उसात किंवा कपाशीत दडला तर खांब तोकडा दिसतो आणि अंतर खऱ्यापेक्षा जास्त येते. मे महिन्याच्या दुपारी झळांमुळे रेघ स्थिर दिसत नाही, तेव्हा सकाळचे माप बरे.

आता आगीचे घ्या. यावल अभयारण्य, चोपडा-रावेरचा डोंगरपट्टा, शिरपूरकडचे अनेर धरण अभयारण्य, इथे उन्हाळ्यात धूर दिसला की पायथ्याच्या गावाला तो आधी दिसतो. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाच्या आधारे आगीची सूचना येते हे खरे, पण उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातो. धुराची उंची कुणाला ठाऊक नसते, म्हणून तिथे मिलचा हिशेब चालत नाही. अशा वेळी दोन गावांनी होकायंत्रावर धुराची दिशा अंशांत वाचावी आणि नकाशावर दोन रेघा ओढाव्यात. रेघा जिथे छेदतात तिथे आग. होकायंत्र वाचताना मोटारसायकल, पत्रे आणि लोखंडी खांब यांपासून लांब उभे राहा. 'डोंगरात धूर आहे' या निरोपापेक्षा वनरक्षकाला या दोन आकड्यांचा उपयोग कितीतरी जास्त.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. बांधाच्या भांडणात ही रीत आणू नका. तिथे हातभर जागेवरून डोकी फुटतात, ते काम भूमी अभिलेखच्या मोजणीचेच. ३३ फुटांच्या साखळीने गुंठा ठरवणाऱ्या आपल्या वाडवडिलांनाही मोजणी आणि अंदाज यांतला फरक कळत होता. महसुलातही नजर पैसेवारी आधी असते, पण अंतिम पैसेवारीला पीक कापणी प्रयोगाचा आधार लागतो. अंदाज वाईट नाही, मात्र तो कशावरून काढला हे कागदावर आले पाहिजे.

म्हणून सरपंच, तलाठी आप्पा, पोलीस पाटील, ग्रामसेवक या सर्वांना सांगणे आहे. समुद्रावर दीपगृहाची उंची नकाशावर छापलेली असते, म्हणून खलाशाला ती उपयोगी पडते. आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीची, देवळाच्या शिखराची, मोबाईलच्या मनोऱ्याची उंची कुठे लिहिली आहे? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ती लिहा, शेजारच्या आणि नदीपलीकडच्या गावालाही कळवा. त्याला रंगाचा एक डबा पुरे. पंचनाम्यात नुसते 'सुमारे' लिहू नका, 'टाकीच्या उंचीवरून काढलेले अंतर' असे लिहा. आणि जिल्हा प्रशासनाने नदीकाठच्या व डोंगरपायथ्याच्या प्रत्येक महसूल मंडळाला पट्टी आणि होकायंत्र असलेली एक दुर्बीण द्यावी, ती वापरायला दोघा-तिघांना शिकवावे. मागणी काही फार मोठी नाही.

हतनूरचे ४१ दरवाजे उघडायची वेळ आली की तापीकाठी भोंगे वाजतात, निरोप येतात. तेव्हा शिकायला उसंत नसते. रोहिण्या लागण्याआधी एखाद्या सकाळी पोरांना नदीवर न्या, फूटपट्टी हातात द्या आणि पलीकडचा खांब किती लांब ते काढायला सांगा. मग दोर टाकून किंवा पुलावरून जाऊन तो ताळा करून बघा. दोन-चार वेळा चुकतील, मग बरोबर सांगू लागतील.