कागदी ससा आणि उशिरा आलेले नाणे

नाणेपारख : साप्ताहिक सदर

तख्तावर बसताच पहिले काम म्हणून आपल्या नावाचे नाणे पाडावे आणि मग उरलेल्या मुलखाच्या बंदोबस्ताकडे वळावे, हा आपल्याकडील छत्रपतींचा तसाच पातशहांचाही रिवाज लक्षात घेता, स्वतंत्र म्हणविणाऱ्या एखाद्या राज्याने चोवीस वर्षे बाजारात चालणारे एकही नाणे पाडले नाही आणि तरीही त्याचा कारभार सुरळीत म्हणण्याइतपत चालू राहिला, हे विधान नाण्यांच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटावे. बेलारूसच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. मे १९९२ मध्ये या देशाने स्वतःच्या नोटा काढल्या, आणि पहिले चलनी नाणे तेथील रयतेच्या हातात पडले ते १ जुलै २०१६ रोजी. सोव्हिएत संघ फुटून जी पंधरा राज्ये उभी राहिली, त्यांपैकी किर्गिझस्ताननेही २००८ साली नाणी काढून आपली उणीव भरून काढली. बेलारूस सर्वांच्या मागे राहिला. हा विलंब केवळ आळसाचा नव्हता, आणि दारिद्र्याचा तर नव्हताच, असे माझे मत आहे.

या चलनाचा जन्म ज्या परिस्थितीत झाला ती मोठी चमत्कारिक होती. ८ डिसेंबर १९९१ रोजी बेलोवेझच्या पुरातन अरण्यात, विस्कुली येथील सरकारी शिकारबंगल्यात, रशियाचे येल्त्सिन, युक्रेनचे क्रावचुक आणि बेलारूसचे शुश्केविच यांनी सोव्हिएत संघाच्या विसर्जनाच्या तहनाम्यावर सह्या केल्या. पण संघ मोडला तरी रुबल छापण्याचे कारखाने मॉस्कोकडेच राहिले, आणि इतर राज्यांना पगार वाटण्यापुरतीही रोकड मिळेनाशी झाली. या निकडीपोटी मिन्स्कच्या राष्ट्रीय बँकेने ज्या नोटा काढल्या, त्यांच्यावर ‘हिशेबाचे तिकीट’ असे भीत भीत छापले होते. जणू आपण काढतो आहोत ते खरेखुरे चलन आहे असे म्हणावयाचे धाडस अजून कोणाला होत नव्हते. सोव्हिएत रुबलाच्या जोडीने त्या चालल्या, आणि नोटेवर जो आकडा असेल त्याच्या दसपट तिची किंमत धरावी असा संकेत ठरला.

या नोटांवर ना कोणा राजाची तसबीर होती, ना कोणा क्रांतिवीराची. पन्नास कोपेकच्या नोटेवर खार, एका रुबलावर ससा, तिनावर बीव्हर, पाचावर लांडगे, दहावर लिंक्स नावाचे रानमांजर, पंचविसावर सांबराच्या कुळातला एल्क, पन्नासावर अस्वल आणि शंभरावर बेलोवेझच्या त्याच अरण्यातला गवा, असा हा सगळा वनचरांचा दरबार होता. अर्धा रुबलदेखील कागदाचाच होता, ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. एरवी त्या किमतीला धातू वापरला गेला असता. लोकांनी या प्राण्यांतून ससा निवडला आणि साऱ्या चलनालाच ‘झाइचिक’, म्हणजे ससुल्या, म्हणावयास सुरुवात केली. त्या लाडिक नावात जितके कौतुक होते तितकीच थट्टाही होती, कारण १९९३ आणि १९९४ या दोन्ही वर्षांत महागाईचा वेग वर्षाकाठी हजार टक्क्यांच्या पलीकडे गेला आणि ससा पळत सुटला. खार आणि ससा बाजारातून केव्हा नाहीसे झाले, याची कोणी दखलही घेतली नसावी.

याच नोटांवर आणखी एक प्राणी होता, पण त्याच्या पाठीवर स्वार होता. पगोनिया या नावाने ओळखले जाणारे, उगारलेल्या तलवारीच्या घोडेस्वाराचे हे राजचिन्ह लिथुआनियाच्या प्राचीन महाडचीचे. बेलारूसची भूमी शतकानुशतके त्या डचीचा भाग होती. जुलै १९९४ मध्ये लुकाशेंको अध्यक्ष झाले, मे १९९५ च्या सार्वमताने सोव्हिएत वळणाचे चिन्ह पुन्हा आणले, आणि पुढच्या नोटांवरून हा स्वार उतरविला गेला. शेजारच्या लिथुआनियाने मात्र तोच स्वार आपल्या नाण्यांवर कायम ठेवला. या स्वाराची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

मग शून्यांचा काळ आला. ऑगस्ट १९९४ मध्ये एक शून्य कापले गेले, आणि १ जानेवारी २००० रोजी आणखी तीन. मधल्या काळात प्राण्यांची जागा इमारतींनी घेतली होती, आणि १९९९ साली ५०,००,००० रुबलांची एक नोट निघाली, जिच्यावर मिन्स्कचा क्रीडाप्रासाद विराजमान होता. २००० सालच्या कापणीत राज्यकर्त्यांनी एक मोठी व्यावहारिक युक्ती केली: चित्रे तीच ठेवली आणि केवळ शून्ये पुसली, त्यामुळे पन्नास लाखांचा क्रीडाप्रासाद पाच हजारांवर आला, दहा लाखांचे कलासंग्रहालय हजारावर आले, आणि अक्षरशत्रू म्हातारीलाही चित्राकडे पाहून किंमत ओळखता येण्याची सोय झाली. ऑपेरागृहाची कथा यांत सर्वांत उद्बोधक आहे. १९९६ साली ही वास्तू एक लाख रुबलांच्या नोटेवर होती. २००० साली ती शंभराच्या नोटेवर आली. आणि २०१६ च्या जुलैत त्या शंभराच्या नोटेच्या बदल्यात जे काही मिळाले, ते म्हणजे एका कोपेकचे तांबूस नाणे. १९९४, २००० आणि २०१६ या तिन्ही कापण्यांचा गुणाकार केला तर आजचा एक रुबल म्हणजे आरंभीचे दहा कोटी रुबल होतात. इतका मोठा आकडा एरवी आपल्याला ज्योतिर्गणितातच भेटतो.

अशा राज्याने नाणे का पाडले नाही, हे आता निराळे सांगावयास नको. पण त्या न पाडण्यात जो एक अप्रत्यक्ष कबुलीजबाब दडलेला आहे, त्याकडे अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. कागदाची नोट थोड्या वर्षांत जीर्ण होते आणि तिच्या जागी नवी छापताना एक-दोन शून्ये वाढविणे हे छापखान्याला अवघड नसते. नाण्याचे तसे नाही. ठसे कोरावे लागतात, धातू विकत घ्यावा लागतो, आणि एकदा पाडलेला तुकडा वीस-तीस वर्षे हातोहात फिरणार असे गृहीत धरूनच तो खर्च परवडतो. म्हणून लहान किमतीचे नाणे पाडणे म्हणजे येत्या वीस वर्षांत ही लहान किंमत अगदीच शून्यवत होऊ देणार नाही, असा राज्याने रयतेला लिहून दिलेला कतबाच असतो. बेलारूसच्या खजिन्याने असा कतबा लिहून देण्याचे शहाणपणाने टाळले. मिन्स्कच्या भुयारी रेल्वेत प्रवासी प्लास्टिकचे टोकन टाकून आत जात असत, आणि ते टोकन देशातील इतर कोणत्याही चलनापेक्षा अधिक टणक होते.

बेलारूसने नाणी मुळीच पाडली नाहीत असे मात्र समजू नये. १९९६ च्या अखेरीस, संयुक्त राष्ट्रसंघाच्या पन्नास वर्षांचे निमित्त साधून, बेलारूसच्या नावाची पहिली स्मारक नाणी निघाली, आणि पुढे दरवर्षी संतांची, पशुपक्ष्यांची, सणांची, चांदीची आणि सोन्याची सुरेख नाणी परदेशी टांकसाळींत पाडून घेऊन संग्राहकांस विकण्याचा क्रमच सुरू झाला. पाव विकत घ्यावयास ज्या देशात नाणे नव्हते, त्याच देशाची नाणी जगभरच्या संग्राहकांच्या मखमली पेट्यांत झळकत होती! संग्राहक या नात्याने मला ती नाणी आवडतात. पण नागरिकाला कागद आणि परक्याला चांदी, हा न्याय एखाद्या लुच्च्या सावकारालाही शोभला नसता.

इमारतींच्या त्या नोटांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. बेलारूसच्या चलनी नोटांवर कोणा ऐतिहासिक व्यक्तीचा चेहरा आजवर आलेला नाही. चेहऱ्यांची वाण होती असे नाही: पोलोत्स्क येथे जन्मून १५१७ साली प्रागमध्ये बायबलचे भाग छापावयास घेणारा फ्रान्सिस्क स्कारिना होता, यांका कुपाला आणि याकुब कोलास हे कवी होते. युक्रेनने आपल्या नोटांवर शेव्हचेन्को आणि लेस्या युक्राइन्का यांना मोठ्या अभिमानाने बसविले. एस्टोनियाने तर पॉल केरेस या बुद्धिबळपटूला. माझा तर्क असा की, ज्या राज्याला आपला इतिहास डचीपासून मोजावा की सोव्हिएत पर्वापासून, हेच ठरविता येत नव्हते, त्याला कोणताही चेहरा अडचणीचा वाटला असावा. दगडाविटांना कोणी पक्ष विचारीत नाही. परंतु दगडविटाही बोलतात. २०१६ साली चलनात आलेल्या नोटांपैकी विसाच्या नोटेवरचा गोमेलचा प्रासाद रुम्यान्त्सेव आणि पास्केविच या रशियन सरदार घराण्यांचा. त्यांतल्या पास्केविचनेच १८३१ साली बंडखोर वॉर्सा काबीज केले. पन्नासावरचा मीरचा किल्ला आणि शंभरावरचा नेस्विझचा प्रासाद हे राजिविल घराण्याच्या वैभवाचे अवशेष. म्हणजे नोटा देशी, तरी त्यांवरचे घरमालक बहुतेक इतर दरबारांचे मानकरी.

या नव्या नोटांची हकीकत तर एखाद्या सरकारी दप्तरातल्या रखडलेल्या प्रकरणासारखी आहे. त्या इंग्लंडातील दे ला रू या कारखान्यात छापल्या गेल्या; नाशिकरोडचा आपला छापखाना उभा राहण्यापूर्वी हिंदुस्थानची टपालतिकिटे ज्या कारखान्यातून येत, तोच हा. त्यांवर साल घातलेले आहे २००९, आणि सही आहे तेव्हाचे बँकप्रमुख प्रोकोपोविच यांची. तितक्यात जागतिक मंदी आली आणि नोटा जामदारखान्यात पडून राहिल्या. मे २०११ मध्ये एका फटक्यात रुबलाचे मोल तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उतरले, परकीय चलनाच्या खिडक्यांसमोर रांगा लागल्या, वर्षअखेरीस डॉलरला आठ हजारांहून अधिक रुबल मोजावे लागू लागले आणि त्या एका वर्षात महागाई शंभर टक्क्यांच्या वर गेली. नव्या कोऱ्या नोटा मात्र अंधारात तशाच. दरम्यान बेलारूशी भाषेच्या लेखननियमांत सुधारणा झाली, आणि नोटा बाहेर पडल्या तेव्हा पन्नासाच्या नोटेवरील अक्षरी रकमेत एक स्वर अशुद्ध ठरला होता. नोटेवर सही करणारे गृहस्थही तोवर पदावरून निवृत्त झालेले. नोटा बदलल्या नाहीत. पुढल्या छपाईत ते अक्षर दुरुस्त करण्यात आले.

नोव्हेंबर २०१५ मध्ये अध्यक्षांचे फर्मान निघाले आणि पुढील वर्षी १ जुलैस दहा हजार जुन्या रुबलांचा एक नवा रुबल झाला. डॉलर वीस हजारांवरून दोनांवर आला. येथे चित्रांची ती जुनी युक्ती मात्र उलटली. जुन्या वीस हजारांवरचा गोमेलचा प्रासाद नव्या विसावर, जुन्या एका लाखावरचे नेस्विझ नव्या शंभरावर, जुन्या दोन लाखांवरचे मोगिल्योवचे संग्रहालय नव्या दोनशेंवर. म्हणजे चित्रांच्या हिशेबाने तीन शून्ये गेली, आणि फर्मानाच्या हिशेबाने चार. चित्रावर भरवसा ठेवून वीस हजारांचा प्रासाद देऊन विसांचा प्रासाद मागणाऱ्याला प्रत्यक्षात दोन रुबलांचे नाणे मिळावयाचे. वर्षअखेरपर्यंत दोन्ही चलने बाजूबाजूने चालली, तेव्हा दुकानदारांची आणि आजीबाईंची काय हुज्जत झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आणि अखेर नाणी आली: एक, दोन आणि पाच कोपेकची तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची, दहा, वीस आणि पन्नासची पितळी रंगाची, वर एका रुबलाचे रुपेरी आणि दोन रुबलांचे दुरंगी. ती लिथुआनिया आणि स्लोव्हाकिया येथील टांकसाळींत पाडली गेली. म्हणजे ज्या घोडेस्वाराला मिन्स्कने हद्दपार केले, त्यालाच अजून आपल्या नाण्यांवर दौडविणाऱ्या शेजाऱ्याच्या टांकसाळीतून मिन्स्कचे पहिले चलनी नाणे घडून आले. पाठीमागच्या बाजूस लोकभरतकामातील नक्षी आहे: लहान कोपेकांवर समृद्धीची, मोठ्या कोपेकांवर सुफलतेची आणि जीवनशक्तीची, आणि एक व दोन रुबलांवर, बँकेनेच सांगितल्याप्रमाणे, सुखाच्या आणि स्वातंत्र्याच्या आकांक्षेची. ही शेवटची नक्षी मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला विनोदबुद्धी होती की नव्हती, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.

नाणी टिकली, हे कबूल केले पाहिजे. त्याचे श्रेय फर्मानाला देण्याची तेथील प्रथा असली, तरी खरे श्रेय २०१५ पासून विनिमयाचा दर मोकळा सोडून नोटांच्या छपाईला लगाम घालणाऱ्या कल्लाउर यांच्या कारकिर्दीतील राष्ट्रीय बँकेचे आहे. २०१७ साली महागाई पाच टक्क्यांच्याही खाली आली, आणि कोपेकला प्रथमच काही अर्थ प्राप्त झाला. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्षांनी एका तोंडी हुकुमाने देशातील साऱ्या किमती वाढविण्यास मनाई केली, आणि तेव्हापासून हे नाणे बँकेच्या संयमावर उभे आहे की कोतवालाच्या धाकावर, हे बाहेरून ओळखणे दुष्कर झाले. जुन्या पोतदारांच्या रीतीप्रमाणे हे नाणे मी खोटे म्हणून परत करीत नाही, पण खऱ्यांच्या थैलीतही टाकीत नाही. ते सध्या माझ्या गादीवर बाजूला काढून ठेवलेले आहे.

— ‘पोतदार’