स्टार्टअपची नोकरी: पॅकेज दहा लाखांचे, पण हातात काय?

गेल्या काही वर्षांत आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या घरून येणाऱ्या पेढ्यांसोबत एक नवा शब्द येऊ लागलाय, 'पॅकेज'. पूर्वी पालक सांगायचे, पोरगा बँकेत लागला, एसटीत लागला. आता सांगतात, स्टार्टअपमध्ये लागला, दहा लाखांचं पॅकेज आहे. ज्या घरात अब्बांनी आयुष्यभर रिक्षा चालवली किंवा बेकरीत रात्रपाळी केली, तिथे हा आकडा ऐकून कुणाचेही डोळे भरून येतील. त्या आनंदात आम्हीही सहभागी असतो. पण नोकरी कोणत्या कंपनीत लागली यासोबत ती कंपनी कशाच्या जोरावर वाढतेय, हेही घरच्यांनी विचारायला हवं असं आता वाटू लागलंय.

साधा धंदा आधी कमावतो, मग माणसं वाढवतो. वेगाने वाढणाऱ्या बहुतेक स्टार्टअपमध्ये उलटं असतं. गुंतवणूकदार पैसे घालतात आणि त्यांना नफ्याच्या आधी वाढ दिसायला हवी असते, म्हणजे जास्त ग्राहक, जास्त शहरं, जास्त विक्री. ही वाढ दाखवली की पुढचे पैसे मिळतात. म्हणून कमाईच्या आधी भरती होते, एका महिन्यात शेकडो पोरं घेतली जातात. पैसे येणं थांबलं की तीच पोरं सगळ्यात आधी खर्चाच्या यादीत दिसू लागतात.

याचं मोठं उदाहरण आमच्याच क्षेत्रातलं, शिक्षणातलं आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या बायजूज कंपनीने २०१५ मध्ये ॲप आणलं. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या आणि कंपनी झपाट्याने फुगली. ऑगस्ट २०२० मध्ये ३० कोटी डॉलरला व्हाइटहॅट ज्युनिअर घेतली, २०२१ मध्ये जवळपास १ अब्ज डॉलरला आकाश इन्स्टिट्यूट. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव झळकलं. २०२२ मध्ये कंपनीची किंमत २२ अब्ज डॉलर धरली गेली. त्याच २०२१-२२ च्या आर्थिक वर्षात तिचा तोटा होता ८,२४५ कोटी रुपये, आणि हा आकडा लोकांसमोर आला जानेवारी २०२४ मध्ये. आत काम करणाऱ्या २३ वर्षांच्या मुलाला हे कुठून कळणार? त्याला जर्सी दिसत होती.

अशा कंपनीत आत काय असतं, ते पोरं सुट्टीत भेटली की सांगतात. चांगलंही सांगतात. शिकायला भरपूर मिळतं, कुणी वय विचारत नाही, दोन वर्षांत हाताखाली दहा माणसं येतात. लाजरीबुजरी मुलगी बंगळुरूहून आली की बिनधास्त इंग्रजी बोलते, याचा आम्हाला अभिमानच आहे. पण सहा महिन्यांत तीन मॅनेजर बदलतात. आज एक काम, उद्या दुसरं. रात्री अकराला ग्रुपवर कुणी किती विक्री केली त्याचे आकडे पडतात. रविवार, ईद, दिवाळी, टार्गेटला कशाचंच सोयरसुतक नसतं. आमच्या एका विद्यार्थ्याने (कंपनी दुसरी होती, नाव नको) सांगितलं, "सर, नापास झालो की शाळेत निदान वर्षाने कळायचं, इथे दर शुक्रवारी कळतं."

विक्रीच्या नोकरीत याहून अवघड एक गोष्ट असते आणि तिच्यावर फारसं कुणी बोलत नाही. शिकवणीचं ॲप विकणाऱ्या मुलाला गिऱ्हाईक कोण मिळतं? मुलीला डॉक्टर करायचं स्वप्न पाहणारी, महिना पंधरा-वीस हजारांत भागवणारी आई. म्हणजे त्याचीच अम्मी! त्या घरात बसून तो कोर्स कर्जावर, हप्त्यांवर विकतो. डिसेंबर २०२१ मध्ये बीबीसीने बायजूजच्या विक्रीपद्धतीबद्दल पालकांच्या तक्रारी आणि कर्मचाऱ्यांवरील टार्गेटचा ताण यांवर सविस्तर लिहिलं. कंपनीने आरोप फेटाळले. पण वर्षभराने, डिसेंबर २०२२ मध्ये, राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने याच विषयावर संस्थापकांना हजर राहायला सांगितलं. हप्ते घेणारं घर आणि टार्गेट घेणारा पोरगा, दोघं बहुधा एकाच मोहल्ल्यातले. एकाला कोर्स परवडत नाही आणि दुसऱ्याला नाही म्हणणं परवडत नाही. रोजी कमावताना ही बोच घेऊन घरी येणाऱ्या मुलाला 'काम जमत नाही का?' असं विचारणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे.

मग उतरण लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुमारे ५० हजार कर्मचाऱ्यांपैकी २,५०० जणांना कमी करण्याची घोषणा झाली, पुढे आणखी हजारो गेले. फेब्रुवारी २०२४ चा पगार लांबला. १६ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने क्रिकेट बोर्डाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीवरून कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. जर्सीवर नाव छापण्याचेच ते पैसे होते.

सगळ्या स्टार्टअपचं असंच होतं असं म्हणणं खोटं ठरेल. चेन्नईत सुरू झालेली फ्रेशवर्क्स सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारात गेली तेव्हा तिचे ५०० हून अधिक कर्मचारी शेअर्समुळे करोडपती झाले. पण शेअर्सचं वचन देणाऱ्या कंपन्या पुष्कळ आणि तिथवर पोचणाऱ्या मोजक्या. कंपनी बाजारात येत नाही किंवा कुणी विकत घेत नाही, तोवर ते शेअर्स कागदच असतात. त्यावर बहिणीच्या लग्नाची तारीख धरू नये.

आता थोडं गणित, शिक्षक आहोत, सवय जात नाही. दहा लाखांचे बारा भाग केले की ८३ हजार होतात आणि घरचे तोच आकडा धरून बसतात. त्यात ३ लाख टार्गेटवर असतील तर निश्चित उरले ७ लाख, महिन्याला ५८ हजार. त्यातून पीएफचे दोन्ही वाटे, ग्रॅच्युइटी आणि व्यवसाय कर गेला की हातात येतात साधारण ५० ते ५३ हजार. ग्रॅच्युइटीसाठी सहसा ५ वर्षांची सेवा लागते आणि अशा कंपनीत ५ वर्षं टिकतो कोण? तरीही पॅकेजमध्ये ती धरलेली असते. या पगारात बंगळुरू किंवा पुण्यात राहणं, जेवण आणि घरी पैसे पाठवणं जमतं. पण गृहकर्जाचा ३० हजारांचा हप्ता? पहिल्या वर्षी तरी नाही.

पीएफकडे मात्र दर महिन्याला लक्ष हवं. पगारातून कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत खात्यात जमा व्हायला हवी आणि उमंग ॲपवर पासबुक घरबसल्या दिसतं. पैसे कापले पण जमा झाले नाहीत, तर कंपनीची तब्येत बिघडल्याची ती बहुतेकदा पहिली खूण असते, बातमी येण्याच्या कितीतरी आधीची. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि इन्सेंटिव्ह कबूल केल्याचे ईमेल कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवून उपयोग नाही. काढलं त्या दिवशी लॅपटॉप दुपारीच बंद होतो. आपल्या फोनवर प्रत असू द्यावी.

आणि कंपनी दिवाळखोरीत गेलीच तर थकलेला पगार आपोआप मिळत नाही. न्यायाधिकरणाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे फॉर्म डी भरून, पुरावे जोडून, मुदतीत दावा करावा लागतो. पीएफचा पैसा मात्र कायद्याने इतर देणेकऱ्यांच्या वाटपातून वेगळा ठेवलाय. लाजेपोटी घरी न सांगता गप्प बसलेली पोरं ही मुदत चुकवतात. म्हणून नोकरी गेलेल्या मुलाला घरात पहिल्या दिवशी नीट जेवू घाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत बसून कागद काढा.