पांदणीतल्या जखमींनाही कॅशलेस उपचार हवा

सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडच्या आसपास सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून मजूर बाया वावराकडे निघतात. ट्रॉलीत डबे, विळे, पाण्याच्या कॅन. मडगार्डवर आणखी दोघे-तिघे बसलेले. डांबरी सुटून पांदण लागली की काळ्या मातीतल्या खोल चाकोऱ्या, धुऱ्याचा चढ आणि वाटेत कठडा नसलेली एखादी विहीर. ट्रॅक्टरवर अधिकृत जागा एकट्या चालकाची. बाकीच्यांची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अपघात झाल्यावरच निघतो.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात हाच प्रश्न निघाला. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या मजूर महिला हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्याने भरलेल्या विहिरीत गेला. सात जणी दगावल्या, तिघांना वाचवता आले. राज्य सरकारकडून पाच लाख आणि पंतप्रधान मदतनिधीतून दोन लाख रुपये वारसांना जाहीर झाले. पण एकट्याच बाईचे ट्रॉलीखाली सापडून कमरेचे हाड मोडते, तेव्हा ना बातमी होते ना मदत जाहीर होते.

पुढच्याच महिन्यात, ५ मे २०२५ रोजी, केंद्राने अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना लागू केली. सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार. योजना चांगलीच आहे, पण ती रस्त्यावर झालेल्या अपघातासाठी आहे. कारंज्याजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावरचा जखमी प्रवासी तिच्यात सरळ बसतो. तिथून हाकेच्या अंतरावर वावरात ट्रॉली उलटली तर त्या मजुराला बसवायचे कसे? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना खातेदार आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यासाठी. भूमिहीन मजूर तिच्या बाहेर. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार आहे, पण तो योजनेतल्या रुग्णालयापर्यंत पोहोचल्यावर. ट्रॅक्टरचा विमा असला तरी शेतीकामासाठीच्या वाहनावर बसलेले प्रवासी आपल्या जोखमीत नाहीत, असे विमा कंपनी सांगते, आणि मजुराच्या वाट्याला वर्षानुवर्षांची कोर्टकचेरी येते.

ट्रॉलीखाली झालेल्या जखमा फसव्या असतात. ओटीपोटाचे हाड मोडले तर बाहेर थेंबभर रक्त दिसत नाही आणि आत मात्र लिटरने रक्त साचते. मांडी बराच वेळ ट्रॉलीखाली दबून राहिली तर स्नायू चेंगरतात. ओझे उचलताच स्नायूंतले पोटॅशियम रक्तात मिसळून हृदयाचे ठोके बिघडवते आणि पुढे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून शक्य असेल तिथे ओझे हटवण्याआधीच सलाईन सुरू करावे लागते. प्रत्यक्षात काय होते? वीसेक माणसे जोर लावून ट्रॉली उचलतात, दोघे हात धरतात, दोघे पाय धरतात आणि जखमीला जीपमध्ये टाकतात. मणका दुखावलेला असेल तर तेवढ्यानेही पाय कायमचे लुळे पडू शकतात. हे सगळे मायेपोटीच होते. त्यांना कधी कोणी शिकवलेलेच नाही. आधी १०८ ला फोन, जखमीला फळीवर किंवा खाटेवर न वाकवता घेणे, खुब्यांभोवती लुगडे रुंद आणि घट्ट बांधणे, वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाने दाब धरणे: एका दुपारी शिकवून होते एवढे. शेणामातीने भरलेल्या जखमेला धनुर्वाताचे इंजेक्शन आणि प्रतिजैविकही लवकर लागते.

कारंज्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. पण डोक्याची किंवा मणक्याची मोठी शस्त्रक्रिया म्हटली की अकोला नाहीतर अमरावती, साठ-सत्तर किलोमीटर. कायद्यानेच मान्य केलेला पहिला मोलाचा तास तर पांदणीच्या चिखलातच जातो.

मुळात जीवहानी टाळायची तर इतरांचा अनुभव आहे. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटून मरणाऱ्या चालकांची संख्या पुढे जवळजवळ शून्यावर आली. पण ही चौकट चालकाला वाचवते, ट्रॉलीतल्या बाईला नाही. ट्रॉलीतून माणसे नेण्यावर नुसती बंदी घालणे हाही उपाय नाही. दुसरे वाहन नसेल तर त्या बाईचा रोजच बुडेल.

केंद्राने कॅशलेस योजनेत शेत आणि पांदण स्पष्ट शब्दांत घालावी. तोवर राज्याने तो खर्च उचलावा. मजूर नेणाऱ्या ट्रॅक्टरमालकाला मजुरांचा वेगळा विमा सक्तीचा करावा आणि त्याच्या हप्त्याला सरकारने हातभार लावावा. वाशीम जिल्हा प्रशासनाने पुढच्या सोंगणीआधी प्रत्येक ग्रामपंचायतीत एक स्ट्रेचर ठेवावे, आणि मुकडदम, ट्रॅक्टरचालक व आशाताईंना ते वापरायला शिकवावे.