पन्नास फेऱ्या, पंधराचे पैसे



आपल्या खोपटला एसटीचं आगार आहे, पण इथली घड्याळं चालतात ती लोकलवर. ‘आठ-बाराची गेली का गं?’ असं कुणी विचारलं, की समजायचं, किती वाजले ते विचारतायत!

म्हणून परवा चौथीच्या गणिताच्या तासाला मी लोकलचंच उदाहरण घातलं. महिन्याला २५ दिवस काम, रोज जाऊन-येऊन २ फेऱ्या. एकूण किती? “पन्नास!” सगळा वर्ग ओरडला. आता गंमत ऐका हं. दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास साधारण १५ फेऱ्यांच्या भाड्याइतका असतो. म्हणजे ३५ फेऱ्या जवळजवळ फुकट! जून २०१४ मध्ये रेल्वेने भाडी १४.२ टक्क्यांनी वाढवली, तेव्हा पासाचा हिशोब १५ऐवजी ३० फेऱ्यांचा करायचं ठरलं होतं. पास दुपटीच्याही वर गेला असता. पण असा गलका झाला, की चार-पाच दिवसांतच जुना हिशोब परत आणावा लागला. जुलै २०२५ मध्ये लांबच्या गाड्यांचं भाडं थोडं वाढलं, तेव्हाही लोकल आणि पास वगळले होते.

“बाई, पास महागच करा ना! गर्दी कमी होईल,” मागच्या बाकावरून एक हुशारी आली.

“मग तुझी आई दादरला कशी जाईल?”

“टॅक्सीने!” सगळे खो-खो हसले. दिवसाची कमाई टॅक्सीवाल्यालाच द्यायची म्हणजे काय होईल, ते त्यालाही कळलं. हौस म्हणून फिरायला जाणारा माणूस भाडं वाढलं की घरी बसेल. नोकरीला जाणारा कसा बसेल? तो पोटाला चिमटा काढून त्याच डब्यात चढेल. ऑगस्ट २०२२ मध्ये कळव्याला हेच तर भांडण पेटलं. साध्या लोकलच्या जागी महागड्या एसी लोकल आल्या, तेव्हा प्रवासी रुळांवर उतरले. मग मध्य रेल्वेने १० एसी फेऱ्या मागे घेतल्या.

ही गर्दी असते तरी किती? आम्ही वर्गात फरशीवर खडूने एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन आखला आणि एकेकाला आत उभं केलं. दहाव्याला रेघेवर पाय द्यावा लागला. आणि तुम्ही तर पिटुकली पोरं! ऐन गर्दीत लोकलमध्ये तेवढ्याच जागेत १४ ते १६ मोठी माणसं उभी असतात, डबे-पिशव्यांसकट.

मग गाड्या वाढवा की! पण रूळ कुठायत? १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली, ती ४०० माणसं घेऊन. पारसिकचा बोगदा १९१६चा. ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन मात्र फेब्रुवारी २०२२ उजाडल्यावर सुरू झाली. मेल गाड्या, मालगाड्यांनाही वाट हवी, आणि दोन गाड्यांत थोडं अंतर तर ठेवावंच लागतं.

वर्ग कमी पडले की शाळा काय करते? सकाळची आणि दुपारची, दोन सत्रं भरवते. खोल्या त्याच, मुलं दुप्पट. मध्य रेल्वेनेही कार्यालयांना पत्रं धाडली, की तुमच्या वेळा जरा मागेपुढे करा. फार जणांनी मनावर घेतलेलं दिसत नाही.

९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी पडले, काहींचा जीव गेला. त्यानंतर रेल्वेने ठरवलं, की नव्या साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायची. हवेसाठी दारांना झरोके, छतावर हवा आत घेणारं यंत्र. दारं हवीतच. पण दार लागल्यावर फलाटावर उरलेल्यांना पुढची गाडी तरी चटकन मिळायला हवी ना?

या आठवड्याचं गणित: घरातल्या पासाची किंमत बघा. महिन्यातल्या खऱ्या फेऱ्या मोजा. एका फेरीला किती पैसे पडले? आणि आई-बाबांना विचारा, त्यातल्या किती फेऱ्यांना बसायला मिळालं. चौथी सीटही धरायची बरं का!